परवानगीआधीचं काम

"तास लिहिलेले नाहीत," मिसेस हॅगर्टी म्हणाल्या आणि पत्र टेबलावरून माझ्याकडे परत सरकवलं.

मी पत्र उचलून पाहिलं. माझं नाव होतं, डेअरीचं नाव होतं, खाली डेल ओस्टरमनची सही होती. तासांच्या जागी डेलनं त्याच्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं, 'लागतील तसे.'

"लिहिलेत की," मी म्हणाले.

"'लागतील तसे' म्हणजे किती?"

"गायींना लागतील तसे."

"आठवड्याला वीसच्या वर चालत नाहीत. मला आकडा पाहिजे. गायींना काय लागतं ते माझ्या कामाचं नाही."

मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पुढच्या मुलाला आत बोलावलं.

या गोष्टीला वीसेक वर्षं झाली. आता मी लातूर जिल्ह्यात सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आहे, आणि कागद परत करायची वेळ माझ्यावरही येते. पण तेव्हा मी बावीस वर्षांची होते, उदगीरच्या पलीकडच्या एका खेड्यातून थेट अमेरिकेच्या त्या बर्फाळ मुलखात जाऊन पडले होते. आमच्या कॉलेजचा तिथल्या एका विद्यापीठाशी करार झाला होता. शेवटच्या वर्षातल्या एकाला वर्षभर तिकडे शिकायला पाठवायचं, तिथले गुण इथं धरायचे. पहिल्या वर्षी माझा नंबर लागला. निघताना आमचे सर म्हणाले होते, "इंदुमती, पुस्तकं आपल्याकडेही आहेत. तिकडं हात चालवून ये."

हात कुठला चालवते? विद्यापीठाची मोठी डेअरी होती, गायी दोनशेच्या वर. पण आम्ही पाहुणे विद्यार्थी. आमच्या विम्यात जनावर बसत नव्हतं. गायीजवळ उभं राहायचं, वहीत लिहून घ्यायचं, हात लावायचा नाही. हात लावायचा तर डेअरीत नोकरी पाहिजे. नोकरी पाहिजे तर परदेशी विद्यार्थ्यांचं ऑफिस सांभाळणाऱ्या मिसेस हॅगर्टींची लेखी परवानगी पाहिजे. परवानगी पाहिजे तर डेअरीचं पत्र पाहिजे. आणि डेअरीचं पत्र लिहिणारा माणूस तासांच्या जागी 'लागतील तसे' लिहिणारा.

डेल हा डेअरीचा मुख्य गोपालक. वयानं माझ्या वडिलांपेक्षा मोठा, पण त्याला सगळे नुसतं डेल म्हणत, म्हणून मीही म्हणायला शिकले. मला तो 'इंडी' म्हणायचा. डेअरी विद्यापीठापासून तीन मैलांवर, हमरस्त्याच्या पलीकडे. बस नाही. थंडीत गळ्याभोवती शाल गुंडाळून मी चालत जायचे, त्याच्याकडून नवीन पत्र घ्यायचे, चालत यायचे.

"आता काय राहिलं?" तो विचारायचा.

"तास."

तो वीस लिहून द्यायचा. मग मिसेस हॅगर्टी म्हणायच्या, काम संपण्याची तारीख नाही. डेल तारीख घालायचा. मग त्या म्हणायच्या, विभागाचा शिक्का नाही. शिक्का मारणाऱ्या बाई आठवड्यातून तीन दिवस यायच्या, आणि त्यातले दोन दिवस माझे वर्ग असायचे. डेल एकदा वैतागून म्हणाला, "मी इतकी पत्रं बायकोला लग्नाआधी लिहिली नव्हती."

एवढं सगळं जमवून मी पत्र नेलं तेव्हा मिसेस हॅगर्टींनी ते दोनदा वाचलं. मला वाटलं, झालं. त्यांनी चष्मा काढला.

"ही डेअरी कॅम्पसवर आहे का?"

"म्हणजे?"

"तुझ्या व्हिसावर फक्त कॅम्पसवरचं काम चालतं. हा पत्ता हमरस्त्याच्या पलीकडचा आहे. ती जमीन विद्यापीठाची आहे की कुठल्या ट्रस्टची, मला माहीत नाही. मी जमीन विभागाला विचारते."

"डेअरीच्या दुधाच्या बाटलीवर विद्यापीठाचं नाव असतं."

"बाटली म्हणजे जमीन नाही."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. पन्नाशीच्या, बारीक, केस घट्ट बांधलेल्या. टेबलावर एक कागद वाकडा नव्हता. मी त्या बाईंचा मनापासून राग राग करायला लागले होते.

"तोपर्यंत मी फुकट केलं तर?" मी विचारलं. "मला पगार नको. नुसता गायींना हात लावू द्या."

"ते तर अजिबात नाही. ज्या कामाला बाकीच्यांना पगार मिळतो, ते तू फुकट केलंस तरी ते कामच. परवानगीआधीचं काम. मागच्या वर्षी एक मुलगा पत्र मिळायच्या आधी भोजनगृहात ताटं विसळायला गेला. त्याला वाटलं, पत्र तर येणारच आहे. त्याला घरी पाठवावं लागलं. वर्ष गेलं त्याचं."

"ताटं विसळली म्हणून?"

"आधी विसळली म्हणून."

जमीन विभागाचं उत्तर काही आलं नाही. मी दर दोन-तीन दिवसांनी जाऊन विचारायचे. मिसेस हॅगर्टी प्रत्येक वेळी तेच सांगायच्या, "मी परत लिहिलंय." खोलीवर येऊन मी मराठीत मोठमोठ्यानं बोलायचे. खोलीतली कोरियन मुलगी कानाला हेडफोन लावून अभ्यास करायची, ती मान वर करून बघायची आणि पुन्हा खाली घालायची.

मार्चमध्ये आठवडाभराची सुट्टी लागली आणि सगळी मुलं आपापल्या घरी गेली. शनिवारी दुपारी मी डेअरीवर गेले. मिसेस हॅगर्टींनी डेअरीचा नकाशा मागितला होता आणि त्यावर डेलची सही हवी होती.

गोठ्यात कुणी दिसेना. लांबून डेलचा आवाज आला. विण्याच्या कप्प्यात एक काळीपांढरी पहिलारू कालवड आडवी पडली होती आणि डेल तिच्या मागे गुडघ्यावर बसला होता. महिन्यापूर्वी तो बर्फावर घसरून पडला होता. उजवा खांदा निखळलेला, हात अजून गळ्यात अडकवलेला. डाव्या हातानं तो काहीतरी करू बघत होता.

"आत येऊ नकोस," तो म्हणाला.

"काय झालं?"

"सकाळपासून कळा देतेय. डॉक्टरला फोन केलाय. तो दुसऱ्या टोकाला आहे, तीन तास तरी लागतील. पोरं सगळी सुट्टीवर."

मी कठड्याशी गेले. कालवडीच्या मागून वासराचं नाक आणि एकच खूर दिसत होता. जीभ बाहेर आलेली, सुजलेली, निळसर. दुसरा पाय आत राहिला होता. कालवड कळ द्यायची, वासरू इंचभर पुढे यायचं, अडायचं आणि परत आत जायचं. आता तिच्या कळांत जोर राहिला नव्हता.

"वासरू जिवंत आहे?" मी विचारलं.

"थोड्या वेळापूर्वी जीभ ओढली तर मागे घेतली त्यानं."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. डेलला सगळा नियम पाठ झाला होता, मीच तर त्याला शिकवला होता.

"मी तुला सांगू शकत नाही," तो म्हणाला.

"नका सांगू."

मी कोट काढला, स्वेटर काढला आणि कठड्यावर टाकला. खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा चढवला. डेलनं डाव्या हातानं बादलीतलं तेलकट औषध माझ्या हातावर ओतलं. मी कालवडीच्या मागे ओल्या पेंढ्यात आडवी झाले.

आत हात गेला आणि मला पहिल्यांदा त्या देशात कुठेतरी आल्यासारखं वाटलं. ऊब होती. वासराची मान लागली, खांदा लागला, खांद्याखाली गुडघ्यात दुमडलेला पाय लागला. कळ आली की माझा हात हाडांमध्ये असा आवळायचा की बोटं कुणाची ते कळेना. कळ ओसरली की मी वासराला मागे लोटायचे. पुढे येऊ पाहणाऱ्याला मागे लोटायचं, हेच तिथलं खरं काम. जागा झाली की खूर मुठीत धरायचा, म्हणजे गर्भाची पिशवी फाटणार नाही, आणि हळूहळू वर उचलायचा. दोनदा खूर सुटला. तिसऱ्यांदा गुडघा वळला आणि पाय एकदम सरळ झाला.

"आला," मी म्हणाले. मराठीतच म्हणाले. पण डेलला कळलं.

दोन्ही पायांना दोऱ्या बांधल्या. एक मी धरली, एक त्यानं डाव्या हातात. कळ आली की ओढायचं, कळ गेली की थांबायचं. वासरू बाहेर पडलं तेव्हा गपगार होतं. मी नाकातोंडातला चिकटा काढला, पेंढ्याची काडी नाकपुडीत घातली. ते शिंकलं. कालवडीनं मान वळवून बघितलं आणि घशातून हलका आवाज काढला.

डेल कठड्याला टेकून बसला. त्याचे डोळे भरले होते की घाम होता ते मला सांगता येणार नाही. मी हातमोजा काढला. नकाशावर सही घ्यायचं तर विसरूनच गेले. तीन मैल चालत परत आले, अंगाला वास येत होता, आणि कितीतरी महिन्यांनी मला भूक लागली होती.

गुरुवारी मिसेस हॅगर्टींच्या ऑफिसातून बोलावणं आलं. मला वाटलं जमीन विभागाचं उत्तर आलं.

त्यांच्यासमोर एक मेल छापून ठेवलेली होती. त्यांनी ती फिरवून माझ्यापुढे धरली. डेलनं विभागाला लिहिली होती आणि विभागानं ती पुढे पाठवली होती. डेलनं माझं कौतुक केलं होतं. लिहिलं होतं, की शनिवारी मिस बिरादारनं तीन तास काम केलं, असं काम करणारं माणूस मी पाहिलेलं नाही, तिचे तीन तास मांडून घ्यावेत आणि तिला परवानगी लवकर द्यावी.

मी वाचलं आणि डोळे मिटले. त्या भल्या माणसानं माझ्या भल्यासाठी माझ्याविरुद्ध पुरावा लिहून, सही करून पाठवला होता.

"शनिवारी तू काम केलंस का?" मिसेस हॅगर्टींनी विचारलं.

"हो."

त्यांनी मेल पुन्हा आपल्याकडे ओढली. "मी पुन्हा विचारते. उत्तर देण्याआधी विचार कर. शनिवारी तू डेअरीत काम केलंस का?"

महिनोन् महिने माझ्या मनात जे साचलं होतं ते सगळं एकदम वर आलं. "केलं," मी म्हणाले. "कालवड अडली होती. वासरू मेलं असतं, कदाचित तीही मेली असती. मी हात घालून सोडवली. काम नाही तर काय केलं?"

मिसेस हॅगर्टी उठल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. ते दार मी कधी लावलेलं पाहिलं नव्हतं.

"बस," त्या म्हणाल्या. "तू हा शब्द आणखी एकदा माझ्यासमोर म्हणालीस तर मला तुझा कार्यक्रम बंद करावा लागेल. मला वाटेल तसं करता येत नाही. तुला कळतंय का, मी काय विचारतेय?"

"तुम्ही मला खोटं बोलायला सांगताय."

"नाही. खोटा कागद मी या ऑफिसात ठेवत नाही. ही मेल मी फाडणार नाही, आली ती आली, फाइलमध्ये राहणार. तिच्या शेजारी दुसरा कागद लागेल आणि तो खरा लागेल. तू तिथं कामाला गेली होतीस का?"

"नाही. सही घ्यायला गेले होते."

"त्यानं तुला काम सांगितलं का?"

"नाही."

"पैसे दिले?"

"नाही."

"मग ते काम नव्हतं. आपत्ती होती, तू मदत केलीस. तसं तू लिही. त्यालाही लिहायला सांग, आणि ते तीन तास मागे घ्यायला सांग. सोमवारपर्यंत."

सगळं सरळ होतं. मान हलवून उठायचं एवढंच बाकी होतं. पण मला उठता येईना.

"मला ते लिहिता येणार नाही," मी म्हणाले.

"का?"

मी हे तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं ते या बाईंना, ज्या बाईंचा मी राग राग करत होते.

मी दहा वर्षांची असताना आमच्याकडे जनगणना झाली. माझे वडील, अण्णा, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. गावातली घरं मोजायचं काम त्यांच्याकडेच होतं. सगळं गाव झाल्यावर संध्याकाळी ते ओसरीवर बसून आपल्याच घराचा कागद भरायला लागले. मी कंदील धरून शेजारी बसले होते. मायच्या नावापुढे आले तेव्हा त्यांनी गंमत म्हणून गोठ्याकडे तोंड करून हाक मारली, "काय हो, तुम्ही काही काम करता का?" माय म्हशीखाली बसून धार काढत होती. आमच्या चार म्हशी आणि दोन देवणी गायी, त्यांचं चारापाणी, दूध, दुखणं-खुपणं सगळं मायकडे. आतून ती म्हणाली, "कुठलं आलंय काम. घरीच तर असते." आणि अण्णांनी लिहिलं, काम करत नाही. ते लिहीत असताना बादलीत धारांचा आवाज येत होता. मी अण्णांना म्हणाले, "अण्णा, चुकलं." ते म्हणाले, "चुकलं नाही. सरकार ज्याला काम म्हणतं ते हे नव्हे."

माझं झाल्यावर मिसेस हॅगर्टींनी खिडकीबाहेर पाहिलं.

"तुझ्या आईला व्हिसा लागत नव्हता," त्या म्हणाल्या. "सोमवारी दुपारपर्यंत."

मी इतकी चिडले होते की निरोप घ्यायचंसुद्धा विसरले.

शुक्रवारी डेलकडे गेले. त्यानं आधी मला वासरू दाखवलं. तीही कालवडच होती, ढुशा मारत बाटलीतलं दूध पीत होती. मग मी कशाला आले ते सांगितलं.

"नाही," डेल म्हणाला.

"डेल, मला परत पाठवतील."

"तू काम केलंस. मी डोळ्यांनी पाहिलं. न केल्याचं कसं लिहू? या गोठ्यात कुणी राबलं आणि मी त्याचे तास मांडले नाहीत असं आजवर झालेलं नाही."

"मांडलेत तर माझं वर्ष जाईल."

"मग त्या बाईला सांग, नियम चुकीचा आहे."

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"सोमवारी दुपारपर्यंत म्हणाल्या."

तो खाली बसला. मीही बसले. दोन्हीकडून मी अडकले होते. एकीकडे नियम सोडायला तयार नसलेली बाई, दुसरीकडे खरं सोडायला तयार नसलेला म्हातारा, आणि मध्ये मी, जिला स्वतःलाच ते वाक्य लिहायचं नव्हतं. आणि तेच वाक्य लिहा म्हणून मी त्याच्या पाया पडत होते.

"आमच्या गावात," मी शेवटी म्हणाले, "कुणाची गाय अडली की निरोप येतो. जेवत असलं तरी माणूस ताटावरून उठून जातं. कुणी पैसे विचारत नाही, कुणी देत नाही. दिले तर भांडण होईल. त्याला काम म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात?"

"गाय सोडवायला गेली, म्हणतात."

"कोण जातं तुमच्या घरातून?"

"माय. तिचा हात लहान आहे."

डेलनं माझ्या हाताकडे पाहिलं. "इथंही तसं होतं," तो म्हणाला. "शेजारी शेतकरी होते तोवर."

मला स्वतःचीच चीड आली. ज्या युक्तिवादावरून मी दहा वर्षांची असताना अण्णांशी बोलणं सोडलं होतं, तोच मी आता घोळून घोळून सांगत होते, आणि तो खोटाही नव्हता. गाय सोडवायला जाणं हे काम नव्हतंच. काम म्हणून कुणी ताटावरून उठत नाही. पण माय ताटावरून उठायची, हे कुठंच लिहिलेलं नाही, हेही तितकंच खरं होतं. दोन्ही खरं असलं की माणसानं काय करायचं, हे कुठल्या कागदावर विचारत नाहीत.

"आण इकडे," डेल म्हणाला आणि त्यानं कागद मांडीवर घेतला. डाव्या हातानं लिहायला त्याला फार वेळ लागला.

माझं निवेदन मी रविवारी रात्रीपर्यंत खोडत बसले. शेवटी तीन ओळी राहिल्या. सोमवारी सकाळी दोन्ही कागद घेऊन गेले.

मिसेस हॅगर्टींनी आधी माझा वाचला, बाजूला ठेवला. मग डेलचा. तो मोठ्यानं वाचला. "'शनिवारी दुपारी मिस बिरादार डेअरीत कामाला आलेली नव्हती. ती सही घ्यायला आली होती. माझी कालवड अडली होती, ती तिनं सोडवली. मी तिला सांगितलं नव्हतं. तास मी मागे घेतो. मी तिला काही दिलं नाही, आणि याची मला लाज वाटते.'"

त्यांनी कागद खाली ठेवला. "शेवटचं वाक्य काढायला सांग."

"सांगितलं होतं. तो गाडीत बसून निघून गेला."

त्यांनी पेन उचललं, ठेवलं. ते वाक्य पुन्हा वाचलं. मग दोन्ही कागदांना टाचणी मारली आणि फाइलमध्ये मेलच्या वर लावले.

मी उठायला लागले तर म्हणाल्या, "थांब." आणि खणातून एक पत्र काढलं. माझी परवानगी होती. पशुपालन सहायक, आठवड्याला वीस तास, मेअखेरपर्यंत. सगळं टाइप केलेलं, फक्त सही बाकी. ती त्यांनी माझ्यासमोर केली.

इतके महिने भांडून भांडून मला या बाईंशी दुसरं काही बोलताच येत नव्हतं.

"पण ती कॅम्पसवर आहे का?" मी विचारलं. "जमीन विभागाचं उत्तर आलं?"

"नाही. ते उत्तर देत नाहीत. मी स्वतः जाऊन पाहिलं. फाटकावर विद्यापीठाची पाटी आहे, विजेचं मीटर विद्यापीठाच्या नावावर आहे, पाण्याचंही. तेवढं मला पुरतं. मी तसं नोंदवून ठेवलंय." मग म्हणाल्या, "वासरू पाहिलं. उभं राहतंय चांगलं."

"कधी गेला होतात?"

"काल."

"काल रविवार होता. ऑफिस बंद असतं." आणि मला राहवलं नाही. "म्हणजे सुट्टीच्या दिवशी तुम्ही काम केलंत."

मिसेस हॅगर्टींनी पेनाला टोपण लावलं. माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"इंदुमती," त्या म्हणाल्या, "मी काम करत नव्हते. फिरायला गेले होते." पत्र पाकिटात घालून त्यांनी माझ्या हातात दिलं. "पुढच्याला आत पाठव."

दुपारी मी चालत डेअरीवर गेले. डेलनं परवानगीचं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, तारीख तपासली, तास तपासले, घडी घालून खिशात ठेवलं. मग भिंतीला टेकवलेला शेण लोटायचा लांब दांड्याचा फाळका माझ्या हातात दिला आणि गोठ्याची सबंध लांबी दाखवली.

मला वाटलं होतं तो मला एखाद्या गायीपाशी नेईल. त्या उन्हाळ्यापर्यंत माझ्या वाट्याला आणखी एकच बाळंतपण आलं, तेही सरळ. बाकी दिवस मी शेण लोटलं, चारा टाकला, दूध काढायच्या यंत्राच्या नळ्या धुतल्या. त्या पहिल्या दुपारी अंधार पडेपर्यंत मी शेण लोटत होते. पाठ भरून आली, हाताला फोड आले. निघताना डेलनं दाराजवळचं कार्ड काढलं, घड्याळाकडे पाहिलं आणि तास लिहिले.

"बरोबर आहेत का बघ," तो म्हणाला.

मी बघितलं. बरोबर होते. तरी मी ते पुन्हा एकदा वाचले.